विमानं रद्द, पडद्यावर शून्य खोल्या

संगणकावर 'रिकाम्या खोल्या ०' दिसलं म्हणजे मोटेल खरंच भरलंय, असं रात्रपाळीचा माणूस कधी धरून चालत नाही. विमानतळाजवळच्या मोटेलात तर नाहीच. त्या रात्री दाट धुक्यामुळे संध्याकाळपासूनची विमानं एकामागून एक रद्द होत गेली आणि साडेदहाच्या सुमारास विमानतळावरून माणसं आणणारी आमची शटल गाडी खच्चून भरून आली, तेव्हा आमच्याकडे हाच शून्य होता. तरी पहाटेपर्यंत बहुतेकांची सोय लागली. शून्यातून खोल्या कशा निघतात आणि कोणत्या काढायच्या नसतात, हे त्या एका रात्रीवरून सांगता येईल.

काउंटरवर सगळ्यात आधी आलेला प्रश्न आमच्या हातातला नव्हता. "त्या कंपनीचं विमान उतरलं, मग आमचं का नाही?" नेहमीच्या कॅट-वन पद्धतीने, म्हणजे यंत्रांच्या आधारे उतरण्याच्या पहिल्या श्रेणीने, उतरायचं तर धावपट्टीवर साधारण ५५० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं. त्याहून कमी दिसत असेल तर विमानतळाची यंत्रणा, विमान आणि वैमानिकाचं प्रशिक्षण ही तिन्ही वरच्या श्रेणीची लागतात. एक जरी कमी पडलं तरी विमान दुसरीकडे वळतं. मोटेलच्या कामाचा भाग एवढाच, की असलं धुकं बहुधा सूर्य वर येऊन जमीन तापल्यावरच विरतं. म्हणजे सकाळची विमानंही लांबणार आणि अकराला रिकाम्या व्हायच्या खोल्या अकराला रिकाम्या होणार नाहीत, हे रात्रीच गृहीत धरावं लागतं.

आता तो शून्य. त्यात राहती माणसं असलेल्या खोल्या असतात, बुकिंग आहे पण पाहुणा आलेला नाही अशा असतात, पाहुणा गेलाय पण साफसफाई झालेली नाही अशा असतात आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या असतात. पहिल्या प्रकाराला हात लावता येत नाही. खरं काम उरलेल्या तिन्हींत.

'न आलेल्यां'पासून सुरुवात केली. धुकं दोन्ही बाजूंनी मारतं. इथून जाणारे इथे अडकतात, तसे इथे येणारे तिकडेच अडकतात. ज्यांच्या बुकिंगवर विमानाचा क्रमांक लिहिलेला होता त्यांची विमानं तपासली आणि जी रद्द झाली होती त्या पाहुण्यांना एकेक करून फोन लावले. गॅरंटी नसलेलं बुकिंग बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सहाला सुटतं, पण पैसे भरलेलं किंवा कार्डाची गॅरंटी असलेलं बुकिंग सकाळपर्यंत त्या माणसाचंच असतं. तो येणार नाही हे आपल्याला कळलंय म्हणून त्याची खोली परस्पर विकायची नसते. फोनवर मी एवढंच विचारत होतो, "साहेब, तुम्ही आज पोचणार नसाल तर दंड न लावता रद्द करू का?" नाही म्हणणारा विरळाच. त्याचे पैसे वाचतात आणि आमची खोली सुटते. संकेतस्थळावरून केलेलं बुकिंग असेल तर दंड माफ केल्याचं आम्हाला त्या संकेतस्थळालाही कळवावं लागतं, नाहीतर पाहुण्याचे पैसे तिथे अडकून बसतात. बुकिंग करताना विमानाचा क्रमांक लिहायची जागा असते, ती लोक रिकामी सोडतात. ज्यांनी सोडली होती त्यांच्या खोल्या मी रात्रभर अडवून ठेवल्या, कारण ते येणार की नाही हे कळायला मार्गच नव्हता.

सव्वा वाजता एक काका, काकू आणि सून-नातवंडं असं कुटुंब काउंटरवर आलं. फोनमध्ये पैसे भरलेलं बुकिंग होतं, पण आमच्या यादीत नाव नव्हतं. विमानतळाजवळ हा घोटाळा नेहमी होतो आणि त्यात दोष कुणाचाच नसतो. बारा वाजून गेल्यावर विमानतळावर बसून त्यांनी 'आज'ची खोली घेतली. घड्याळाप्रमाणे आज म्हणजे १५ तारीख. मोटेलच्या हिशेबात मात्र १४ची रात्र अजून चालूच होती. ती पहाटे नाइट ऑडिट, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करणं, झाल्यावर संपते. त्यांनी घेतलेली खोली १५च्या दुपारी दोनला मिळणारी होती, म्हणजे अजून जवळजवळ तेरा तासांनी.

पैसे संकेतस्थळाकडे भरलेले असले की तारीख आम्हाला काउंटरवरून बदलता येत नाही. तेव्हा क्रम असा लागतो. पाहुण्याने संकेतस्थळाच्या मदत क्रमांकावर फोन करायचा, त्यांनी आम्हाला विचारायचं, आम्ही विनाशुल्क बदलाला होकार द्यायचा आणि मगच नवं बुकिंग आमच्या यादीत उतरतं. वीसेक मिनिटं जातात. तोवर त्यांच्यासाठी एक खोली हाताने अडवून ठेवायची, नाहीतर होकार येईपर्यंत ती रांगेतल्या दुसऱ्याला जाते. मध्यरात्रीनंतर खोली घेणाऱ्याने आदल्या दिवसाची तारीख निवडावी. संकेतस्थळ ती तारीख दाखवतच नसेल तर सरळ मोटेललाच फोन करावा.

उलटा घोटाळाही असतो. विमान अडीचला उतरणार असलेल्या पाहुण्याचं बुकिंग बरोबर १४चंच असतं, पण ऑडिट त्याच्या आधी झालं तर यंत्रणा त्याला 'नो-शो', म्हणजे न आलेला, ठरवते. तीन रात्रींचं बुकिंग असेल तर बऱ्याच यंत्रणा पुढच्या दोन रात्रीही पुसून टाकतात. ऑडिट म्हणजे प्रत्येक खोलीच्या खात्यावर त्या रात्रीचं भाडं आणि कर चढवणं, गल्ला जुळवणं आणि तारीख पुढे ढकलणं. एकदा तारीख पुढे गेली की मागे येत नाही. म्हणून एरवी तीनच्या सुमारास होणारं ऑडिट त्या रात्री साडेचारपर्यंत थांबवलं. उशिरा पोचणार असाल तर "रात्री तीनला येतोय, खोली धरून ठेवा" एवढा एक फोन पुरतो. त्याची नोंद बुकिंगवर पडते आणि पुढचा कारकून ती वाचतो.

विमान कंपनीचं व्हाउचर, म्हणजे खोलीचे पैसे कंपनी देणार असल्याची चिठ्ठी, घेऊन आलेल्यांची रांग वेगळी लावली. व्हाउचरवर क्रमांक, खोल्यांची संख्या, रात्रींची संख्या आणि जेवण धरलंय की नाही हे आधी बघायचं. पाचजणांच्या कुटुंबाला एकच खोली लिहिलेली असेल तर ते विमानतळावरच दुरुस्त करून घ्यावं लागतं, इथे आल्यावर काही करता येत नाही. कंपनीकडे बिल लावायला आम्हाला मूळ कागद किंवा चालू क्रमांक लागतो, अर्ध्या कापलेल्या फोटोवर बिल निघत नाही. व्हाउचर असलं तरी किरकोळ खर्चासाठी कार्डावर डिपॉझिट रोखून धरतात, त्यावरून वाद होतोच. ही रक्कम घेतलेली नसते, गोठवलेली असते. क्रेडिट कार्डावर ते फारसं जाणवत नाही, पण डेबिट कार्डावर खात्यातले खरे पैसे काही दिवस अडकतात, म्हणून शक्यतो क्रेडिट कार्डच द्यावं. हवामानामुळे विमान रद्द झालं तर कंपनीने हॉटेल द्यायचं की नाही, हे प्रत्येक देशात वेगळं आहे. युरोपीय संघाच्या २००४च्या २६१ क्रमांकाच्या नियमात हवामानाचं कारण नुकसानभरपाईतून सूट देतं, मुक्कामाच्या सोयीतून नाही.

अस्वच्छ खोल्यांपैकी दोन तर हसत हसत सुटल्या. दिवसभर राहून संध्याकाळी विमानतळावर गेलेले पाहुणेच धुक्यामुळे परत आले होते. अशांना त्यांचीच खोली द्यायची. अंथरूण त्यांचंच, केस त्यांचेच, नुसते टॉवेल बदलले की काम झालं. मात्र परत येणाऱ्यांची नावं आधी विचारून घ्यायला हवीत, एकदा ती खोली साफ करून दुसऱ्याला दिली की ही सोय गेली.

बाकीच्या खोल्या रात्री साफसफाईची माणसं नसताना साफ करायच्या होत्या. एका माणसाला एका खोलीला पंचवीस ते तीस मिनिटं लागतात, दोघांना साधारण पंधरा. क्रम चुकला तर वेळ दुप्पट होतो. आत शिरल्याबरोबर पंखा लावायचा, सगळी अंथरुणं काढून दाराबाहेर टाकायची आणि लगेच बाथरूममध्ये जंतुनाशक फवारून बाहेर यायचं. ते औषध डब्यावर लिहिलेला वेळ, काही वेळा दहा मिनिटं, ओलं राहिलं तरच काम करतं. फवारून लगेच पुसलं तर नुसता वास राहतो. तेवढ्या वेळात पलंग घालायचा, रिमोट, दिव्यांची बटणं, दाराची मूठ पुसायची, पलंगाखाली बॅटरीने बघायचं. मग परत बाथरूम. शेवटी मोरीच्या जाळीवरचा केस काढायचा, कारण तक्रार गादीपेक्षा त्या एका केसाची जास्त येते.

चादरी पुरल्या, पण काठावर. स्वस्त मोटेलात साधारण तीन संच ठेवतात, एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. एकाच रात्री खोल्या दोनदा विकल्या की कपाट रिकामं होतं. धुणं अडत नाही, अडतं ते वाळवणं. म्हणून अकरालाच ड्रायर चालू केला होता.

एक खोली मात्र बंदच राहिली. दुरुस्तीच्या यादीतल्या टीव्ही बंद असलेल्या खोल्या सांगून दिल्या, लोकांनी आनंदाने घेतल्या. या बंद खोलीत मात्र ढेकूण निघाले होते. एक गृहस्थ ऐकायलाच तयार नव्हते. "अहो, आम्ही खुर्चीवर बसून रात्र काढू, पण खोली द्या." प्रश्न चावण्याचा नसतोच. बॅगेच्या शिवणीत एखादी मादी गेली की सकाळी ती विमानात, संध्याकाळी त्यांच्या घरात. रिकामी ठेवून खोली बरी होत नाही, ढेकूण काही महिने उपाशी राहू शकतो. सगळे कोपरे ५० अंश सेल्सियसच्या वर कित्येक तास तापवावे लागतात. औषध मारायचं तर सुमारे दोन आठवड्यांनी पुन्हा मारावं लागतं, कारण अंडी पहिल्या फवारणीत वाचतात आणि सहा ते दहा दिवसांत फुटतात. दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या खोल्याही तपासायच्या असतात.

कुठल्याही खोलीत शिरल्यावर ही तपासणी पाहुण्याला दोन मिनिटांत करता येते. बॅग तोवर बाथरूममध्ये, लादीवर. उशाकडच्या दोन्ही कोपऱ्यांची चादर उचलायची आणि फोनचा दिवा गादीच्या शिवणीवर तिरका धरायचा. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच मिलिमीटरच्या आसपास, चपटा, तपकिरी असतो, पण तो दिसण्याआधी शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग दिसतात. ओल्या बोटाने पुसले तर ते फराटतात. पलंगाच्या डोक्याकडची फळी भिंतीला खिळलेली असते, तिच्या मागच्या फटीत बघायला विसरू नये.

रात्रीच्या घाईत किल्लीची कार्डंही गोंधळ घालतात. दाराचं कुलूप बहुतेक ठिकाणी काउंटरला जोडलेलं नसतं, ते बॅटरीवर चालतं आणि त्याला कळतं ते कार्डावरूनच. कार्ड बनवताना 'नवीन' निवडलं तर ते दाराला लावल्याक्षणी आधीची सगळी कार्डं बाद होतात, 'प्रत' निवडली तर दोन्ही चालतात. बायको खाली दुसरं कार्ड मागते, कारकून 'नवीन' दाबतो आणि नवरा दाराबाहेर उभा राहतो. मागताना "आधीचं चालू राहू द्या" एवढं सांगावं. चुंबकीय पट्टीचं कार्ड फोनच्या चुंबकी कव्हरजवळ ठेवू नये.

शेवटी उरलेल्या खोल्या रस्त्याच्या आणि धावपट्टीच्या बाजूच्या होत्या. धुक्यात सगळं शांत होतं, पण तीन अंशांच्या उताराने येणारं विमान धावपट्टीच्या टोकापासून तीन किलोमीटरवर जेमतेम १७० मीटर उंचीवर असतं. त्या खोल्या देताना सांगून दिल्या, "सकाळी धुकं गेलं की आवाज सुरू होईल, एसीचा पंखा ऑटोवर न ठेवता सतत चालू ठेवा." सलग आवाजाला कान सरावतो, मध्येच सुरू होणाऱ्या कॉम्प्रेसरला नाही.

चार वाजता दुसरी गर्दी, गरम पाण्याची. आठ मिनिटांच्या शॉवरला सत्तरेक लिटर पाणी जातं आणि त्यात ६० अंशांच्या टाकीतलं चाळीसेक लिटर असतं. चारशे लिटरच्या टाकीत आठ-दहा अंघोळी एकापाठोपाठ झाल्या की पुढच्याला कोमट. टाकीचं तापमान कमी ठेवून बचत करता येत नाही, २० ते ४५ अंशांत न्यूमोनिया करणारे लिजिओनेला जंतू वाढतात. म्हणून पहाटेची विमानं असणाऱ्यांना रात्रीच अंघोळ उरकायला सांगितली होती.

शटल चौदा आसनांची, सामानासकट दहा माणसं. जाऊन-येऊन अर्धा तास. चाळीस माणसांना चार फेऱ्या, म्हणजे पहिली फेरी साडेचारला निघाली तर चौथी सहाला. यादीवर आधी नाव लिहिणाऱ्याला आधी न पाठवता, ज्याचं विमान आधी त्याला आधी पाठवलं. कुरकुर झाली, पण विमानाच्या वेळा लिहिलेली यादी दारावरच चिकटवल्यामुळे वाद वाढला नाही.

ऑडिट संपवून सकाळपाळीसाठी नोंदी लिहिल्या. तारीख बदललेलं बुकिंग कोणतं, व्हाउचरच्या मूळ प्रती कुठल्या पाकिटात, कपाटात चादरींचे किती संच उरले, बंद खोलीची किल्ली कुणालाही द्यायची नाही. विमानतळावरून परत आलेल्या पाहुण्यांच्या त्या दोन खोल्यांवर यंत्रणेने रात्रीचं भाडं दोनदा चढवलं होतं. दिवसाचं भाडं तसंच ठेवून जादा लागलेली रात्र त्यांनी चेक-आउट करण्याआधी उलटवायची, कारण बिल बंद झाल्यावर पैसे परत करायचे तर ते बँकेमार्फत जातात आणि आठवडा लागतो.