ओहोटी संपेपर्यंत

कुटुंबं घेऊन कयाकने, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीने, समुद्रात निघताना मला लहान मुलांची धास्ती नसते. मुलं सांगितलेलं ऐकतात, कंटाळली की कुरकुरतात, दमली की झोपतात. सगळं उघड असतं. धास्ती असते ती उत्तम पोहता येणाऱ्या बाबांची. अंगात ताकद भरपूर, आणि मनाशी पक्कं ठरलेलं की समुद्र म्हणजे जरा मोठ्या आकाराचा तलाव.

त्या दिवशीच्या मंडळींत असे एक बाबा होते. बरोबर त्यांची बायको, तेरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि आजी, म्हणजे बाबांची आई. आजींनी आधी फोनवरच मला विचारून ठेवलं होतं, "गुडघे दुखतात माझे, चालेल का?" चालतं. कयाकमध्ये गुडघ्यांना फारसं काम नसतं; बसताना आणि उठताना मात्र कुणीतरी हात द्यावा लागतो.

बेत असा होता. सकाळी आठला निघायचं, पहिल्या दोन बेटांच्या आतल्या अंगाने, लाटांपासून आडोशाने जायचं. दुसऱ्या बेटाच्या टोकाला जेवण आणि विसावा. मग दोन बेटांमधला चिंचोळा पट्टा ओलांडून तिसऱ्या बेटावर जायचं आणि त्याच्या आडोशाने घरी. ही सगळी फेरी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर बेतलेली असते. त्या दिवशी भरती सकाळी 7.10 ला पुरी होत होती आणि ओहोटी दुपारी 1.25 ला. पट्टा ओलांडायची वेळ दीडच्या आसपासची, पाणी जवळजवळ थांबलेलं असताना. हे मी निघायच्या आधी नकाशावर बोट ठेवून सांगितलं होतं. आईने आणि मुलीने ऐकलं. बाबा तेव्हा वल्हं कसं पकडायचं ते मुलाला शिकवत होते, चुकीचं.

निघण्याआधीचा अर्धा तास माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येकाचं लाईफ जॅकेट मी खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढून बघते. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, पाण्यात माणूस खाली आणि जॅकेट वर अशी गत होणार. लहान मुलांना तर पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मग कमरेएवढ्या पाण्यात प्रत्येकाने एकदा कयाक उलटवून बाहेर यायचं. मुलगा दोनदा उलटला, कारण एकदाने त्याचं समाधान झालं नाही. आजींनी चष्मा काढून माझ्याकडे दिला, नाक धरलं, उलटल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एवढंच?"

दोन जोडकयाक, आणि मी व माझा सहकारी एकेकट्याच्या कयाकमध्ये. मी पुढे, तो सगळ्यात मागे. एका जोडकयाकमध्ये पुढे मुलगी, मधल्या खोबणीत धाकटा, मागे आई. दुसऱ्यात पुढे आजी, मागे बाबा. जोडकयाकमध्ये पुढचा माणूस ताल धरतो. मागचा त्याच्याकडे बघून वल्हं मारतो आणि पायाखालच्या पेडलने सुकाणू फिरवतो. त्यामुळे ताकदीचा माणूस मागे, आणि वेग मात्र पुढच्याचा. ऐकायला सोपं वाटतं, पण कितीतरी नवरा-बायको मी याच्यावरून भर समुद्रात अबोला धरताना बघितलेत.

पहिल्या दहा मिनिटांतच खटाखट सुरू झाली. बाबा आपल्या वेगाने मारत होते, आजी आपल्या. बाबांचं वल्हं दर तिसऱ्या फटक्याला आजींच्या वल्ह्यावर आपटायचं आणि पाण्याचा फवारा आजींच्या पाठीवर.

"आई, जरा पटापट मार ना."

"मी माझ्या दमानं मारतेय. तू बघ की पुढं."

मी कयाक बाजूला घेतली आणि म्हटलं, "दादा, आजींच्या उजव्या खांद्याकडे बघा. तो पुढे गेला की तुमचं उजवं वल्हं पाण्यात." थोडा वेळ जमायचं, पुन्हा बिघडायचं. तरीही दादांच्या ताकदीने आम्ही दुसऱ्या बेटाच्या टोकाशी साडेदहालाच पोचलो. माझ्या हिशोबाने अर्धा तास लवकर.

आता खरी गोष्ट. समोर तिसरं बेट. मध्ये सातशे मीटर पाणी. पलीकडची वाळू स्पष्ट दिसत होती, एक मोठं वाळलेलं झाड दिसत होतं, त्याच्या खाली पांढरा खडक.

"इथे तीन तास काय करायचं?" बाबा म्हणाले. "समोर तर आहे. मी पोहत जाईन एवढं."

मी त्यांना हिशोब सांगितला. भरती-ओहोटीचे ढोबळ सहा तास धरले तर पहिल्या तासात पाणी एकूण उताराच्या बाराव्या हिश्शाएवढंच उतरतं. दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटी एक. साडेदहा म्हणजे चौथा तास, जोर ऐन भरात. बेटांच्या आतलं सगळं पाणी या एका फटीतून बाहेरच्या समुद्राकडे धावत होतं, साधारण तीन नॉट, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर वेगाने. आमचा वेग दोन नॉट. सातशे मीटर ओलांडायला अकरा-बारा मिनिटं लागणार, आणि तेवढ्या वेळात प्रवाह आम्हाला किलोमीटरभर बाजूला, उघड्या समुद्रावर नेऊन ठेवणार. शिवाय समुद्रावरून येणारा वारा त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर सुटला होता. वारा आत येतोय, पाणी बाहेर जातंय. असे दोघे समोरासमोर आले की लाटा उभ्या, तोकड्या आणि एकमेकींना चिकटून उठतात. फटीच्या तोंडाशी पांढरा पट्टा दिसत होता तो त्याचाच.

आकडे सांगून माणूस गप्प बसतो, पण पटलेलं नसतं. हे चेहऱ्यावर दिसतं. म्हणून मी वाळूवरचा हातभर लाकडाचा ओंडका उचलून त्यांच्या हातात दिला. "हा जमेल तेवढा लांब टाका, आणि काठाकाठाने त्याच्याबरोबर चालत राहा."

दादांनी ओंडका मस्त लांब भिरकावला. पाण्यात पडला आणि चालू लागला. सुरुवातीला दादा आरामात चालत होते. मग झपाझप. मग खडक लागले तसे ते खडकांवरून उड्या मारायला लागले, आणि ओंडका पुढे. बेटाच्या टोकाशी कमरेवर हात ठेवून ते उभे राहिले. ओंडका पांढऱ्या पट्ट्यात शिरला, दोनदा वर दिसला, मग दिसला नाही. परत येताना ते चालत आले. माझ्याशी काही बोलले नाहीत, बायकोला म्हणाले, "डबे काढ गं. जेवून घेऊ."

मला वाटतं आमच्या कामात वाट बघणं हे लोकांना काम वाटतच नाही. वल्हवणं दिसतं, बसणं दिसत नाही. प्रत्यक्षात त्या तीन तासांत मी एक क्षण त्या फटीवरची नजर काढली नव्हती. पाण्यात मध्यभागी मच्छीमारांच्या जाळ्याचा एक लाल बोया, म्हणजे खुणेचा तरंगता गोळा, होता. आम्ही आलो तेव्हा तो जवळजवळ आडवा होऊन अर्धा पाण्याखाली ओढला गेला होता आणि त्याच्यामागे लांब फेसाळ शेपूट होतं. माझं खरं घड्याळ तोच. तक्त्यातली वेळ ही पाण्याची उंची सांगते. पाणी खाली जायचं थांबलं म्हणजे वाहायचंही त्याच मिनिटाला थांबलं, असं होत नाही. चिंचोळ्या जागी दोन्हींत चांगलाच फरक पडू शकतो.

धाकट्याचं घड्याळ वेगळं होतं. त्याने पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि थोड्या वेळाने येऊन बघितलं तर पाणी दगडाला सोडून लांब गेलेलं. तो हबकलाच. मग मी त्याला सांगितलं, आईच्या घड्याळात दर वीस मिनिटं झाली की जिथे पाणी असेल तिथे नवा दगड ठेव. पुढचे दोन-अडीच तास आम्हाला त्याचं दुसरं काही बघावं लागलं नाही. पहिल्या दोन दगडांत त्याची सहा पावलं भरली. पुढे पाच. मग चार, तीन. दगडांची रांग उताराने समुद्राकडे जात होती आणि दगड जवळजवळ येत होते. मघाशी मी बाबांना सांगितलेला बाराव्या हिश्शाचा हिशोब पोराने न ऐकताच वाळूवर मांडून ठेवला होता.

दरम्यान पाणी उतरलं तसे खडक उघडे पडले आणि त्यांच्या खळग्यांत पाणी साचून राहिलं. मुलगी सकाळपासून गप्पगप्प होती. तिला यायचंच नव्हतं हे कळायला कुणी सांगावं लागत नव्हतं. ती एका खळग्याशी जी बसली ती उठेना. आत तपकिरी-हिरव्या रंगाची समुद्रफुलं उमललेली. एका बारक्या झिंग्याने चुकून त्यांच्या झुबक्याला पाय लावला, तसे सगळे तंतू आत ओढले गेले आणि फुलाचा नुसता बुळबुळीत गोळा उरला. झिंगा निसटला. कोपऱ्यात एक शंखात राहणारा खेकडा दुसऱ्या रिकाम्या शंखाच्या तोंडात नांगी घालून घालून आतली जागा तपासत होता. बराच वेळ मोजमाप चाललं होतं. मग डोळ्याचं पातं लवेपर्यंत तो जुन्यातून निघून नव्यात गेला. त्या अर्ध्या क्षणात त्याचं मऊ, वाकडं, उघडं पोट दिसलं. "आई गं," मुलगी म्हणाली, आणि मग बराच वेळ सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत राहिली. खेकडा अर्थातच पुन्हा घर बदलायला तयार नव्हता.

ओहोटीत थांबण्याचा एक तोटा आहे, तो म्हणजे होड्या. पाणी मागे जातं आणि होड्या कोरड्या वाळूवर राहतात. सामान आणि पाण्याचे कॅन धरून भरलेली जोडकयाक दोघांना उचलवत नाही, आणि वाळूवरून फरपटत नेली तर तळ खरवडतो. तेव्हा सामान काढा, चौघांनी उचला, खाली न्या, सामान पुन्हा भरा. आणि जरा वेळाने पुन्हा तेच. इथे दादांचा मला फार उपयोग झाला. सगळ्यात जड टोक न सांगता त्यांनी घेतलं.

एक वाजून गेल्यावर दगडांमध्ये एकेक पाऊल उरलं. दीडला धाकटा धावत आला. "ताई, पाणी दगडाजवळच आहे! गेलंच नाही!" मी बोयाकडे बघितलं. तो अजून थोडा कललेला होता, शेपूट मात्र गेलं होतं. आणखी दहा मिनिटं थांबवलं सगळ्यांना, होड्यांत बसवून. मग बोया सरळ झाला.

निघताना धाकट्याला एक काम दिलं. समोरचं वाळलेलं झाड आणि त्याखालचा पांढरा खडक एका रेषेत दिसतायत ना, ते बघत राहायचं. झाड खडकाच्या डावीकडे सरकलं तर आपण डावीकडे वाहतोय. उजवीकडे गेलं तर उजवीकडे. पाण्यावर बसून पाण्याकडे बघितलं तर आपण वाहतोय हे कळतच नाही. जमिनीवरच्या दोन खुणा हव्यात, एक जवळची, एक लांबची. मधल्या खोबणीतून पोरगा ओरडत होता: "बरोबर! बरोबर! डावीकडे चाललं!" आणि मी दोन्ही कयाकची टोकं थोडी उजवीकडे वळवून घेत होते.

अर्ध्या वाटेवर एक मोटरबोट फटीच्या तोंडातून आत शिरली. अंतर भरपूर ठेवून गेली, तक्रार करण्यासारखं काही नाही, पण तिच्या लाटा आमच्याकडे आडव्या येत होत्या. आडवी लाट कुशीवर घेतली तर कयाक कलंडू शकते. मी ओरडले, "टोक लाटेकडे! मारत राहा, थांबू नका!" घाबरलेला माणूस पहिल्यांदा वल्हं वर उचलतो, आणि तेच नको असतं. वल्हं पाण्यात असेल तर तोल राहतो.

आजी थांबल्या नाहीत. त्यांचा तोच दम, तीच गती. मागे दादांनी पेडल दाबून टोक लाटेकडे आणलं, आणि मी बघत होते, त्यांची नजर लाटेवर नव्हती, आईच्या उजव्या खांद्यावर होती. तीन लाटा गेल्या. चौथी आजींच्या मांडीवर सांडली. वल्ह्यावर वल्हं एकदाही आपटलं नाही.

पंधरा मिनिटांत पलीकडे. पुढे वारा पाठीशी आणि नव्या भरतीचा ओढाही घराकडचाच. धाकटा खोबणीत झोपला, मुलगी आणि तिची आई कशावरून तरी हसत होत्या. साडेतीनला आम्ही किनाऱ्याला लागलो.

आजींच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने दादांनी धरून त्यांना उभं केलं. जॅकेटचे पट्टे सोडता सोडता त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मागं मी बसणार."

"अगं आई, मागे पेडल असतात. ताकदीचा माणूस बसतो तिथं."

"मग?" आजी म्हणाल्या, आणि चष्मा मागायला त्यांनी माझ्यापुढे हात केला.