डेपोनेन्ट क्रियापदं आणि माझं शाळेतलं आत्मनेपद

जर्मनीत इतिहासात एमएला प्रवेश मिळाला, पण सोबत अट होती: लॅटिनची परीक्षा पास व्हा. विभक्त्या सरळ गेल्या. दहावीपर्यंत आठ विभक्त्या घोकलेल्या माणसाला लॅटिनच्या सहांचं काय कौतुक! क्रियापदांची चार गणंही झाली. पण डेपोनेन्टचा, म्हणजे दिसायला कर्मणी पण अर्थाने कर्तरी अशा क्रियापदांचा, धडा आला आणि सगळा वर्ग अडला. त्या धड्याचं नाव काढलं की अजून डोकं तापतं.

तोवर महिनोन् महिने शिकवलं होतं की शेवटी ‘र’ आला की कर्मणी. लाउदो म्हणजे मी स्तुती करते, लाउदोर म्हणजे माझी स्तुती होते. आणि आता सेक्वोर. अर्थ काय, तर ‘मी मागे जाते’. ‘माझ्यामागे कोणी येतं’ असा नाहीच. पुस्तकात एका ओळीचा नियम: रूप कर्मणी, अर्थ कर्तरी. असं का, हे विचारलं तर बाई म्हणाल्या, ‘पाठ करा.’ नावामागची समजूत अशी की या धातूंनी आपला कर्मणी अर्थ ‘खाली ठेवला’. अहो, त्यांच्याकडे तो होता कधी?

वर्गात युक्ती सांगितली: ‘र’वाल्या रूपाशेजारी द्वितीया दिसली तर डेपोनेन्ट समजा. होस्तेस सेक्वितुर, तो शत्रूंचा पाठलाग करतो. ठीक. पण ऊतोर, म्हणजे वापरणे, द्वितीया घेतच नाही, पंचमी घेतो. ग्लादिओ ऊतितुर, तो तलवार वापरतो. फ्रुओर, फुंगोर, पोतिओर, वेस्कोर यांचंही तेच. युक्ती तिथेच संपली.

शेवटी शब्दकोशाने सोडवलं. होर्तोर (उत्तेजन देणे) पुढे छापलं होतं ‘१ डेप.’, म्हणजे पहिल्या गणाचं डेपोनेन्ट, आणि मला आमच्या संस्कृतच्या वहीतलं ‘लभ् (१ आ.प.)’ दिसलं: लभ् म्हणजे मिळवणे, पहिला गण, आत्मनेपद, म्हणजे ‘ति’ऐवजी ‘ते’ लागणारा धातू. लभते, लभेते, लभन्ते. लभते हे वेश बदललेलं कर्मणी आहे, असं आम्हाला कोणी कधी सांगितलं? कर्मणीतल्या लभ्यतेलाही तेच ‘ते’ लागतं आणि कोणाचं काही अडत नाही. काही धातू आत्मनेपदी असतात, बस. मोरिओर आणि म्रियते तर एकाच मूळ धातूचे, दोन्हीकडे मरणं असंच चालतं. आणि सेक्वोर? ऋग्वेदाच्या पहिल्या सूक्ताच्या शेवटच्या ऋचेत अग्नीला म्हटलंय, ‘सचस्वा नः स्वस्तये’. तो सच् (सोबत असणे) धातू सेक्वोरचाच भाऊबंद, आणि तोही आत्मनेपदात. हे कळलं त्या दिवशी मी वर्गात जरा मिरवलंच. बाईंनी मान डोलावली आणि पुढचा धडा काढला.

मग रूपं भराभर बसली: सेक्वोर, सेक्वेरिस, सेक्वितुर, सेक्विमुर, सेक्विमिनी, सेक्वुन्तुर. एकच खोच आहे. भविष्यकाळातलं ‘तू’चं रूपही सेक्वेरिसच, फक्त मधला ‘ए’ लांब. आणि छापील उताऱ्यात ती खूण बहुधा नसतेच. संदर्भ बघा. भूतकाळात पुरुष म्हणेल सेकूतुस सुम, बाई म्हणेल सेकूता सुम. जर्मन मुलं हे हमखास विसरायची. ‘मी गेलो, मी गेले’ म्हणणाऱ्यांना त्यात विशेष काही वाटत नाही.

अरे हो, आज्ञार्थ राहिला. सेक्वेरे म्हणजे ‘मागे ये’, पण दिसायला अगदी रेगेरे (राज्य करणे) सारखं साधं ‘-णे’ रूप. डेपोनेन्टचं खरं ‘-णे’ रूप ‘ई’वर संपतं: सेक्वी, लोक्वी, मोरी. ‘मेमेन्तो मोरी’ सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यातलं मोरी हेच. म्हणून शब्द पाठ करताना तिन्ही रूपं एका दमात म्हणा: लोक्वोर (मी बोलते), लोक्वी, लोकूतुस सुम. नुसतं पहिलं पाठ केलंत तर भूतकाळात गळपटाल.

एक सुख मात्र मराठी माणसालाच. साध्या लॅटिन क्रियापदांना ‘करून’ असं कर्तरी भूतकाळी रूप नाही, डेपोनेन्टना आहे. हाएक लोकूतुस आबिइत: हे बोलून तो निघून गेला. जर्मन मुलं तिथे आख्खं गौणवाक्य रचत बसायची, आपलं एका ‘ऊन’मध्ये भागतं.

आणि अर्धे डेपोनेन्टही असतात, हे आम्हाला परीक्षेच्या तोंडावर सांगितलं. आउदेओ (धाडस करणे), गाउदेओ (आनंदणे), सोलेओ (सवय असणे), फीदो (विश्वास ठेवणे): वर्तमानात सरळ, भूतकाळात आउसुस सुम, गावीसुस सुम. ही चार क्रियापदं पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.