व्यवसाय कराची माफी: पीपीओवरचे ५० टक्के चालत नाहीत

सैनिक टाकळीसारख्या गावातला फौजी पेन्शनीवर येतो, कोल्हापुरात पिठाची गिरण घालतो नाहीतर झेरॉक्सचं दुकान टाकतो, आणि वर्षाला २५०० रुपये व्यवसाय कर मुकाट्यानं भरत राहतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व असेल, तर १९७५ च्या महाराष्ट्र व्यवसाय कर कायद्याच्या कलम २७-अ नुसार हा कर माफ आहे. ही माफी माजी सैनिक म्हणून नव्हे, अपंगत्वामुळं मिळते. सैन्यदलाची सूट त्याच कलमात वेगळी आहे, पण ती अजून नोकरीत असलेल्यांना.

अर्ज अडतो तो टक्क्यांवर. पेन्शनसाठी अपंगत्व वरच्या टप्प्यावर नेतात: ५० च्या आतले ५०, ५० ते ७५ असलेल्यांना ७५, त्यावरच्यांना १००. मेडिकल बोर्डानं ३० टक्के दिले असले तरी पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) ५० दिसू शकतात. तो आकडा पेन्शनपुरताच. करमाफीला प्रत्यक्ष अपंगत्व लागतं, आणि तेही सरकारी डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं.

म्हणून आधी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र आणि त्याचा दाखला काढा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून तपासणीसाठी कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय निवडा. तपासणीला जाताना रिलीज मेडिकल बोर्डाची (नोकरी सोडताना झालेल्या तपासणीची) प्रत, डिस्चार्ज बुक, आधार आणि जुने एक्स-रे न्या. ऐकू कमी येत असेल तर जुना ऑडिओग्रामही. दाखला हातात पडला की तिथंच वाचा. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द हवा. ‘तात्पुरते’ असेल तर उपयोग नाही. नावही जुळवून बघा. डिस्चार्ज बुकात ‘पाटील शिवाजी बाबू’ आणि आधारवर ‘शिवाजी बाबुराव पाटील’ असेल, तर अर्ज करण्याआधीच ते दुरुस्त करून घ्या. नंतर फेऱ्या वाढतात.

पीटीईसी (धंदेवाल्याची व्यवसाय कराची नोंदणी) आधीच काढलेलं असेल तर नुसता भरणा थांबवू नका. नंबर चालू राहतो, दरवर्षीची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज चढत जातं. दाखला जोडून महाजीएसटीच्या (राज्याच्या जीएसटी खात्याच्या) पोर्टलवर पीटीईसी रद्द करण्याचा अर्ज करा आणि पोच जपून ठेवा.

माफी तुमच्या एकट्याची आहे. भागीदार धडधाकट असेल तर त्याचा कर त्यानं भरायचा. दुकानात कामगार असतील तर त्यांच्या पगारातून कापून भरण्यासाठी पीटीआरसी (मालकाची वेगळी नोंदणी) लागतंच: पुरुषांचा पगार ७५०० च्या वर आणि बायकांचा २५००० च्या वर असेल तर.

घरफाळ्याची माजी सैनिक योजना एका राहत्या घरापुरती आहे, गाळ्याला नाही. ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या दाखल्यावर मिळते. जीएसटीत माजी सैनिकांना खास सूट नाही. प्राप्तिकरात, सेवेमुळं आलेल्या अपंगत्वापायी नोकरीतून काढलेल्यांची डिसॅबिलिटी पेन्शन करमुक्त आहे, दुकानाचा नफा नाही. जुनी करप्रणाली घेतली तर अपंगत्वापायी ७५००० ची वजावट मिळते, ८० टक्के अपंगत्वापासून पुढे सव्वा लाखाची.

धंदा अजून सुरू व्हायचा असेल तर आधी पीएमईजीपी ही नव्या धंद्याला कर्ज आणि अनुदान देणारी केंद्राची योजना बघा. माजी सैनिक आणि दिव्यांग दोघेही विशेष गटात येतात: स्वतःचे १० ऐवजी ५ टक्केच घालायचे, अनुदान शहरात २५ आणि खेड्यात ३५ टक्के. मात्र कर्ज मंजूर व्हायच्या आत धंदा सुरू केला तर तो जुना धंदा ठरतो आणि अर्ज बाद होतो. उद्यम नोंदणीला (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीला) सरकार एक रुपयाही घेत नाही, तेव्हा त्याचे पैसे कुणाला देऊ नका. आणि त्या फॉर्ममधला दिव्यांगचा रकाना भरायला विसरू नका.