गाईच्या सीरममधले मारेकरी

कासदाह झालेल्या गाईचं रक्त प्रयोगशाळेत आलं की मी आधी हॅप्टोग्लोबिन हे रक्तातलं प्रथिन बघते. निरोगी गाईत ते जवळजवळ नसतंच. पण ई. कोलाय या जंतूच्या आवरणातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, अंगात भिनलं की यकृत हॅप्टोग्लोबिन भराभर तयार करतं. दोन-तीन दिवसांत पातळी शंभरपटीवरही जाते. माणसांत डॉक्टर सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन बघतात, गाईत त्याचा फारसा उपयोग नाही.

हॅप्टोग्लोबिन स्वतः जंतू मारत नाही. फुटलेल्या तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन ते पकडून ठेवतं आणि जंतूंना लोहासाठी तरसवतं. मला ही युक्ती भारी आवडते!

खरा मारेकरी कॉम्प्लिमेंट. ही प्रथिनं साखळीने एकमेकांना जागं करतात आणि शेवटी जंतूच्या आवरणाला भोक पाडतात. ती उष्णतेला फार नाजूक: सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, ५६ अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवलं की मारकशक्ती संपली. हान्स बुखनर या जर्मन जीवाणूशास्त्रज्ञाला ही नजाकत १८८९ मध्येच दिसली होती. म्हणून तर नमुना बर्फात आणा, असं मी सगळ्यांना कानीकपाळी ओरडत असते. तरी पिशवी उन्हात तापलेल्या डिकीतूनच येते.

आणि काही ई. कोलाय महाबिलंदर. बाहेर शर्करेच्या लांब साखळ्या असल्या की कॉम्प्लिमेंट आवरणापर्यंत पोचतच नाही. ताज्या सीरममध्येही ते मजेत वाढतात.