महासाथीच्या काळात मुलांना पडताळणी शिकवताना

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये जगभरातील शाळा बंद झाल्या, युनेस्कोच्या आकडेवारीनुसार दीड अब्जाहून अधिक विद्यार्थ्यांचे शिक्षण खंडित झाले आणि माझा नववीचा वर्गही ऑनलाइन भरू लागला. मोबाइल हाताळण्यात मुले तरबेज होती; परंतु फाइव्ह-जी मनोऱ्यांमुळे विषाणू पसरतो हा संदेश वर्गाच्या गटात आला, तेव्हा त्याची शहानिशा कशी करावी हे त्यांना ठाऊक नव्हते. याच अफवेपायी त्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये मोबाइलचे मनोरे पेटवले गेले होते, म्हणून मी आठवड्यातील एक तासिका केवळ पडताळणीसाठी राखून ठेवली.

मुले संकेतस्थळाची मांडणी आणि बोधचिन्ह पाहून विश्वास ठेवत. व्यावसायिक तथ्यतपासनीस मात्र समोरच्या पानावर रेंगाळत नाहीत. ते दुसरी खिडकी उघडून त्या स्रोताविषयी इतर काय म्हणतात ते पाहतात. आम्ही हीच सवय लावून घेतली. जिथे फाइव्ह-जी पोहोचलेच नाही अशा देशांतही साथ पसरली आहे, हे मुलांनी स्वतः शोधून काढले, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.

खरा कस लागला तो मास्कच्या प्रश्नावर. जागतिक आरोग्य संघटनेने सुरुवातीला निरोगी व्यक्तींना सरसकट मास्कचा सल्ला दिला नव्हता. ५ जून २०२० रोजी, जिथे संसर्ग पसरलेला आहे आणि अंतर राखणे कठीण आहे, तिथे सर्वसामान्यांनी कापडी मास्क वापरावा असे तिने सांगितले. “मग आधी खोटे सांगितले होते का?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. या प्रश्नावर आम्ही पुढचे कित्येक तास घालवले आणि ते मला सार्थकी लागले असे वाटते. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग होऊ शकतो याचे पुरावे जसजसे वाढले तसतसा सल्ला बदलला, हे समजल्यावर मुले प्रत्येक दाव्यापुढे स्रोताबरोबर त्याची तारीखही लिहू लागली.

घरातील वडीलधाऱ्यांनी पाठवलेला चुकीचा संदेश सर्वांसमोर खोडून काढण्याऐवजी त्यांच्याशी स्वतंत्रपणे, पुरावा दाखवून बोलावे, असे आम्ही ठरवले. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती मी केली नाही, कारण त्यातून मुलाच्या घराचे खासगीपण उघडे पडते; संमतीशिवाय कोणाचाही स्क्रीनशॉट न घेण्याचा नियम मात्र मुलांनीच सुचवला आणि तो मलाही लागू केला.