चिखली आणि पन्हाळा एकाच रंगात

पावसाळ्याआधी पंचगंगेकाठच्या गावांचा पूरनकाशा छापायचा होता. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतं. म्हणून नकाशात चार रंग: सुरक्षित गावं गडद हिरवी, ३९ फुटांना सावध व्हायची पिवळी, ४३ फुटांना हलवायची नारिंगी आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्याखाली गेलेली मरून.

घोळ मरूनपासून सुरू झाला. नकाशा आर या संगणकभाषेत काढला होता. आरमध्ये ‘मरून’ हे नाव दिलं की १७६, ४८, ९६ (लाल, हिरवा, निळा यांची प्रमाणं, ० ते २५५) असा गुलाबीकडे झुकणारा रंग येतो. वेबवरचा मरून १२८, ०, ०. आरची नावं एक्स-इलेव्हन या युनिक्सच्या पडदा-प्रणालीच्या जुन्या यादीतली, आणि वेबची यादी काही ठिकाणी तिच्याशी जुळत नाही. ‘ग्रीन’चंही तेच: आरमध्ये ०, २५५, ०, वेबवर ०, १२८, ०. म्हणून मांडणी करणाऱ्या मुलीला मीच सांगितलं, शंका असेल तिथे नाव नको, सहा खुणांचा कोड दे, म्हणजे # आणि त्यामागे सहा आकडे किंवा अक्षरं.

तिने एक्सेलमध्ये मरूनसाठी ८००००० आणि हिरव्यासाठी ००६४०० भरलं. आधीचं # लावायचं राहून गेलं. एक्सेलने सवयीप्रमाणे हिरव्याची सुरुवातीची शून्यं खाल्ली, उरले ६४००.

# नसलेले नुसते आकडे आरच्या लेखी कोड नसतातच, तो रंगपेटीतला क्रमांक असतो. पेटीत रंग आठ. क्रमांक त्याहून मोठा असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ८००००० ला आठाने नि:शेष भाग जातो, ६४०० लाही जातो. दोन्ही फिरून आठव्याच रंगावर थांबले: १५८, १५८, १५८. राखाडी. चूक झाल्याची एक ओळसुद्धा पडद्यावर आली नाही. कोडात एखादं अक्षर असतं, समजा ८बी००००, तर आर तिथेच अडून बसला असता. हे वागणं मला आजही पटत नाही. पेटीबाहेरचा आकडा आला तर थांबवावं, परस्पर रंग देऊ नये.

पण नकाशा मीही पाहिला होता, तीनदा. राखाडी दिसला की ‘माहिती नाही’ असं वाचायची डोळ्यांना सवय. सूचीत हिरव्याचा चौकोन सगळ्यात वर, मरूनचा सगळ्यात खाली, त्यामुळे दोन सारखे चौकोन शेजारी आलेच नाहीत.

ऑफिसातले शिपाईमामा प्रयाग चिखलीचे. प्रती मोजता मोजता ते थांबले.

“मॅडम, आमची चिखली आन् पन्हाळा एकाच रंगात? पन्हाळ्याला कधी पाणी लागतंय व्हय?”

मी यादी उघडून दोन्ही रंगांचे लाल-हिरवा-निळा असे तीन-तीन आकडे काढले. दोन्ही रकाने सारखे. आता रंग वाचताना आधी आकडे सहा घरांचे करून घेते, # लावते, मग ते तीन आकड्यांत उलगडून दोन गटांचे आकडे सारखे निघाले तर काम तिथेच थांबवते. चार ओळींचं काम आहे. ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

त्या दुपारपर्यंत सात प्रती बाहेर गेल्या होत्या. मामांनी सायकलवरून फिरून सहा परत आणल्या. सातवी करवीरमधल्या कुठल्या तरी गावात भिंतीवर लागलेली असेल, तिच्यात चिखली अजून राखाडी आहे.