तुम्ही विचारलंत म्हणून: दिराला दारातून परत पाठवलं ते

दर वर्षी महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला कुणी ना कुणी विचारतंच. "त्या कोरोनाच्या वर्षी तुम्ही सख्ख्या दिराला दारातून परत पाठवलंत म्हणे?" आवाज गोड, डोळे माझ्या जावेकडे. हो, पाठवलं. मीच. आणि एक सांगून ठेवते, हे फक्त मलाच विचारतात. ह्यांना आजवर एकानंही विचारलेलं नाही, जसं काही हे त्या दिवशी घरात नव्हतेच.

इंदूर तेव्हा कसं होतं ते तुम्हाला काय सांगायचं! ऐन गुढीपाडव्याला सगळं बंद झालं. गाठी मिळाली नाही म्हणून गुढीला बत्ताशांची माळ घातली आणि हसलो. पुढच्या आठवड्यात तीन दिवस किराणा-भाजीही बंद झाली, तेव्हा हसू संपलं. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी बल्ल्या बांधल्या. आठ दिवसांत गल्लीतली दोन माणसं गेली. सासूबाई 82 वर्षांच्या, साखर कधीच ताब्यात नसायची. भाऊजी शीतलामाता बाजारात रोज दुकानावर बसत होते. जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी राजवाड्यावर थाळ्या वाजवत जमलेल्या गर्दीतही ते होते. त्यात त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची टेस्ट नुकतीच पॉझिटिव्ह आलेली. एवढं सांगितलं की बायका माना डोलावतात. मीही इतकी वर्षं एवढ्यावरच थांबत आले.

पण आदल्या दिवशी सोळा भाज्यांसाठी मीच मल्हारगंजात दोन तास धक्के खात फिरले होते. 14 मिळाल्या. माझी गर्दी चालली, त्यांची चालली नाही. हे मी कुणाला सांगत नाही.

26 ऑगस्ट, बुधवार. डाळ शिजून तयार होती. दारात भाऊजी, मास्क हनुवटीवर. मागे जाऊ, हातात फडक्यात गुंडाळलेलं पितळी पुरणयंत्र. आमच्याकडे मुखवटे थोरल्या घरी आणि पुरणयंत्र धाकट्या घरी. वाटणी सासूबाईंचीच, एकीवाचून दुसरीचं पुरण होऊ नये म्हणून. 'यंदा येऊ नका' असा फोन करायचं काम ह्यांच्याकडे होतं. चार दिवस "सांगतो, सांगतो" चाललेलं. सांगितलंच नव्हतं, ते मला दारात कळलं.

मी जाळीचं दार उघडलं नाही. म्हटलं, "भाऊजी, आज नको. आईंचं वय बघा."

ते हसले. "वहिनी, आम्ही काय रंगपंचमीची गैर खेळून आलोय का?"

मी हसले नाही. मग त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघितलं. हे सोवळं नेसून महालक्ष्म्यांपुढे उभे होते, दारातून सरळ दिसत होते. हे काहीतरी बोलतील म्हणून मी थांबले. भाऊजीही थांबले. हे खाली वाकले आणि समईची वात सारखी करत राहिले. जावेनं यंत्र पायरीवर ठेवलं. "नैवेद्याला उशीर होईल तुम्हाला," एवढंच म्हणाली. स्कूटर पटकन सुरू होईना. भाऊजी किक मारत होते आणि मी जाळीआड तशीच उभी.

आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलं गं?"

मी म्हटलं, "दूधवाला."

यंत्राला मी दोन दिवस हात लावला नाही, तिथंच पायरीवर पावसात राहिलं. पुरण मिक्सरमधून काढलं, चिकट झालं, पोळ्या फुटल्या. विसर्जनाच्या दिवशी सासूबाई ताटावरून म्हणाल्या, "त्या दूधवाल्याला पुरण पाठवलंस का?" मी आंबील वाढायला उठले.

पुढल्या फेब्रुवारीत त्या झोपेतच गेल्या. कोरोना नाही, काही नाही. त्यांच्या शेवटच्या महालक्ष्म्यांना धाकटा मुलगा पंगतीला नव्हता.

आता सुचतं, अंगणात दोन खुर्च्या टाकता आल्या असत्या. आईंना खिडकीशी बसवता आलं असतं. पण तेव्हाच्या मला हे ऐकवायला जावं तर ती फटकन म्हणते, आई कशानं जाणार हे तुला माहीत आहे, मला नव्हतं. तिचं खरं आहे. पुन्हा तसाच ऑगस्ट आला तर मी दार उघडीन असं छातीठोकपणे मलाही सांगता येत नाही. फक्त 'दूधवाला' कशाला, हे विचारलं की ती गप्प होते. आणि ह्यांचा न केलेला फोन? तो मी भाऊजींना आजवर सांगितलेला नाही. नवऱ्याला सांभाळून घेतलं म्हणा, किंवा सांगून आता काय उपयोग म्हणा. दोन्ही म्हणून झालंय माझं.

दोघं दर वर्षी येतात, पोटभर जेवतात. पुरणयंत्र अजून माझ्याकडेच आहे. दोनदा घासूनपुसून द्यायला काढलं. गेल्या वर्षी जाऊ म्हणाली, "राहू द्या वहिनी, मिक्सरमधलं चिकट होतं."

मिक्सरचं मी तिला कधीच बोलले नव्हते.